फिल्म जमिनीवर सांडतेय? जुन्या प्रोजेक्टरचं ‘टेकअप’ असं तपासा

शाळेच्या अडगळीच्या खोलीत, वाचनालयाच्या कपाटावर, नाहीतर एकेकाळी तंबू टॉकीज चालवलेल्या घराच्या पडवीत आजही कुठे ना कुठे जुना फिल्म प्रोजेक्टर सापडतो. सोबत पत्र्याच्या गोल डब्यांत दोन-चार रिळं असतात. गावची यात्रा, शाळेचा वर्धापनदिन किंवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा जवळ आला की कुणीतरी म्हणतं, “चालू होतंय का बघू की!” मग मशीन पुसलं जातं, दिवा लागतो, मोटर फिरते, पडद्यावर चित्र येतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. पाच मिनिटांनी कुणाच्या तरी पायात काहीतरी अडकतं. खाली बघावं तर फिल्मचा ढीग.

हा दोष ‘टेकअप’चा. म्हणजे दाखवून झालेली फिल्म गुंडाळून घेणारं रीळ नीट फिरत नाही. यातली अडचण अशी की टेकअप बंद पडलं तरी पडद्यावरचं चित्र चालूच राहतं. प्रेक्षकांना काही कळत नाही, आणि खाली फिल्म धुळीत लोळत असते, चुरगळत असते, पायाखाली येत असते. एकदा ओरखडे पडले, कडेची भोकं फाटली की ती पुन्हा जुळत नाहीत.

चांगली गोष्ट ही की टेकअपचे बहुतेक दोष साधे असतात. सैल पट्टा, गुळगुळीत झालेली चकती, वाकलेलं रीळ. पेचकस, कापड, स्पिरिट आणि थोडा धीर असेल तर बरेचसे दोष घरीच सापडतात. फक्त एक नियम पाळा: खरी फिल्म लावायच्या आधी टाकाऊ फिल्मवर चाचणी घ्या. ती कशी घ्यायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

तुमचं मशीन कोणतं?

खेडोपाडी मुख्यतः दोन प्रकारची मशीन सापडतात.

१६ मिलिमीटर: पेटीत घालून नेता येणारं छोटं मशीन. शाळा, साखर कारखाने आणि सरकारी प्रसिद्धी गाड्यांकडे हे असायचं. गावच्या चौकात पांढरा पडदा लावून माहितीपट दाखवले जायचे ते याच मशीनवर. बेल अँड हॉवेल, आयकी, फोटोफोन अशी नावं त्यावर दिसतात. दोन हात असतात. भरलेलं रीळ सहसा पुढच्या हातावर आणि टेकअपचं रीळ मागच्या हातावर.

३५ मिलिमीटर: टॉकीजचं मोठं, जड मशीन. यात्रेतल्या तंबू टॉकीजवाले ट्रकवर बांधून न्यायचे ते हेच. २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या टॉकीजवर आहे. यात भरलेलं रीळ वरच्या गोल पेटीत आणि टेकअप खालच्या पेटीत असतं.

दोन्हींचं तत्त्व एकच. आकार आणि ताकद वेगळी.

टेकअप काम कसं करतं?

हे दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे दोष शोधणं निम्मं सोपं होईल.

फिल्म पुढे ढकलण्याचं काम टेकअप करत नाही. ते काम स्प्रॉकेट म्हणजे दातेरी रूळ करतात. त्यांचे दात फिल्मच्या कडेच्या भोकांत बसतात आणि फिल्म ठराविक वेगाने सरकते. आवाजाच्या फिल्मसाठी हा वेग सेकंदाला २४ चित्रं. म्हणजे १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट आणि ३५ मिलिमीटरची मिनिटाला ९० फूट जाते. शेवटच्या दातेरी रुळातून बाहेर पडलेली फिल्म ताण न सोडता गुंडाळून घेणं एवढंच टेकअपचं काम.

पण इथे एक गोम आहे. फिल्मचा वेग ठराविक असला तरी रिळाचा वेग ठराविक ठेवून चालत नाही. समजा १६ मिलिमीटरच्या रिळाचा मधला गाभा साडेअकरा सेंटीमीटर रुंद आहे. सुरुवातीला त्याला मिनिटाला साधारण ३० फेरे घ्यावे लागतात. तेच रीळ भरून ३० सेंटीमीटरचं झालं की एका फेऱ्यात जास्त फिल्म गुंडाळली जाते, त्यामुळे १२ च्या आसपास फेरे पुरतात. म्हणजे रीळ भरत जाईल तसं ते हळू फिरायला हवं.

मोटर तर एकाच वेगाने फिरते. मग हे जमवायचं कसं? त्यासाठी मध्ये घसरणारा क्लच दिलेला असतो. दोन चकत्या, त्यांच्या मध्ये फेल्ट, चामडं किंवा फायबरची चकती आणि दाब देणारी स्प्रिंग. मोटर रिळाला गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरवायला बघते, फिल्म त्याला अडवते, आणि जास्तीचा जोर क्लचमध्ये घसरून जातो. काही मशीनमध्ये रिळाचं वजन वाढेल तसा क्लचवरचा दाब आपोआप वाढतो. काहींमध्ये क्लच नसून पट्टाच पुलीवर घसरतो.

बैलगाडीच्या कासऱ्यासारखंच आहे हे. फार ओढला तर बैल अडतो, सोडून दिला तर गाडी भरकटते. टेकअपचा ताणही असाच मधला हवा.

सगळ्यात उपयोगी प्रश्न: सुरुवातीला की शेवटी?

क्लचचा जोर साधारण तेवढाच राहतो, पण फिल्मवरची ओढ बदलते. रीळ रिकामं असताना फिल्म गाभ्याजवळ असते, त्यामुळे ओढ जास्त बसते. रीळ भरलं की तोच जोर लांबच्या कडेवर पोचतो, म्हणून ओढ कमी होते. वरच्या उदाहरणात हा फरक जवळजवळ अडीच पट आहे. शिवाय भरलेलं रीळ जड असतं.

म्हणून कोणताही स्क्रू फिरवण्याआधी स्वतःला विचारा, त्रास कधी होतोय?

- सुरुवातीला फिल्म तुटते, हिसके बसतात: ओढ जास्त आहे. क्लच घट्ट झालाय किंवा वंगण गोठून चिकट झालंय.
- सुरुवातीला ठीक, अर्ध्यानंतर फिल्म सांडते: ओढ कमी पडतेय. पट्टा सैल आहे किंवा क्लच गुळगुळीत झालाय.
- पहिल्यापासून रीळ फिरतच नाही: पट्टा निघालाय, तुटलाय, रीळ दांडीवर नीट बसलं नाही किंवा रिवाइंडचा दांडा चुकीच्या जागी आहे.
- प्रत्येक फेऱ्याला एकदा खरखर किंवा झटका: रिळाची कड वाकली आहे.

एवढं उत्तर मिळालं की नेमकं कुठे बघायचं ते ठरतं.

हात लावण्याआधी

- मशीनवरची पाटी वाचा. बाहेरून आलेली काही जुनी मशीन ११० व्होल्टची असतात. ती घरच्या २३० व्होल्टला थेट लावली तर जळतील. त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो.
- वायरचं वेष्टन तडकलेलं असेल तर वायरमनकडून नवीन वायर आणि अर्थिंग करून घ्या. मशीनचं अंग लोखंडी असतं, शॉक बसू शकतो.
- पट्टा किंवा क्लच उघडताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
- मशीन चालू असताना ओढणी, पदर, उपरण्याचं टोक, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवा. लहान मुलांना जवळ उभं करू नका.
- हॅलोजन दिव्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने दिवा लवकर फुटतो.

तपासणी पायरी-पायरीने

पायरी १: रीळ दांडीवर बसलंय का?

सोप्यापासून सुरुवात करा. ज्या दांडीवर रीळ अडकवतात तिचा बुडाचा भाग चौकोनी असतो. रिळालाही निदान एका बाजूला चौकोनी भोक असतं. दुसऱ्या बाजूला गोल भोक असू शकतं. रीळ उलटं घातलं आणि गोल भोक चौकोनी भागावर आलं तर दांडी आतल्या आत फिरते आणि रीळ जागेवर राहतं. रीळ काढा, चौकोनी बाजू आत करा, पूर्ण आत ढकला आणि टोकाचा खटका लावा. चौकोनी भोक झिजून गोल झालं असेल तर ते रीळ बाजूला ठेवा आणि दुसरं घ्या.

पायरी २: दांडे आणि हात

रिवाइंडचा दांडा ‘फॉरवर्ड’लाच आहे ना बघा. तो मध्येच राहिला असेल तर मोटर फिरते पण टेकअपला जोर पोचत नाही. रिळाचा हात घडीचा असेल तर तो शेवटपर्यंत उघडून खटक्यात बसला पाहिजे. हात थोडा जरी खाली झुकला तरी पट्टा सैल होतो.

पायरी ३: पट्टा

१६ मिलिमीटरच्या मशीनवर बऱ्याचदा स्प्रिंगचा बारीक पट्टा असतो. म्हणजे लांब, बारीक स्प्रिंगची दोन टोकं एकमेकांत अडकवलेली. काहींवर रबरी पट्टा असतो. ३५ मिलिमीटरच्या मशीनवर चामड्याचा पट्टा किंवा साखळी दिसते.

- स्प्रिंगचा पट्टा ताणून लांब झालाय: जोड सोडवा, एका टोकाचे थोडेच वेटोळे कापा आणि पुन्हा अडकवा. एकदम जास्त कापू नका. आखूड झालेला पट्टा परत लांब होत नाही, आणि फार ताणलेला पट्टा दांडीला एका बाजूला ओढून तिचं बूश झिजवतो.
- पट्ट्यावर तेल आलंय: पट्टा काढून स्पिरिटच्या कापडाने पुसा. पुलीची खाचही पुसा. पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत त्याची वाफ पेट घेऊ शकते.
- रबर वितळून डांबरासारखं झालंय: बरीच वर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये हे नेहमीचं आहे. लाकडी काडीने खरवडा, स्पिरिटने खाच लख्ख करा आणि नवीन पट्टा घाला. खाचेत थोडं जरी चिकट राहिलं तरी नवीन पट्टाही खराब होईल.
- नवीन पट्टा मिळत नाही: पुलीची खाच गोल असेल तर पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा चामड्याचा गोल पट्टा बऱ्याच वेळा कामाला येतो. सुतळी दोन्ही पुल्यांवरून फिरवून माप घ्या. पट्टा खाचेत अर्ध्याहून जास्त बसला पाहिजे. जोडाची तार आत दाबून गुळगुळीत करा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टेकअपला हिसका बसेल.

पट्टा सरळ घालायचा की आठाच्या आकड्यासारखा उलटा, हे जुना काढण्याआधीच बघून ठेवा. मोबाईलवर फोटो काढा. पट्टा उलटा झाला तर रीळ उलट्या दिशेने फिरतं.

पायरी ४: क्लच

पट्टा ठीक आहे, पुली फिरतेय, तरी रीळ अडखळतंय, तर दोष क्लचमध्ये. उघडताना प्रत्येक चकती, वॉशर आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने कागदावर मांडा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. क्रम चुकला तर मशीन तुमच्यावर रुसेल आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

- फेल्ट किंवा चामडं काळं, चकचकीत झालं असेल तर ते घसरतं. बारीक पॉलिश पेपरने वरवर घासून पुन्हा खरबरीत करा.
- तेल पिऊन बसलेली चकती स्पिरिटमध्ये धुऊन सावलीत वाळवा. तरी सुधारली नाही तर त्याच जाडीची नवीन चकती कापून घ्या. चामडं असेल तर गावच्या चप्पल शिवणाऱ्याकडून नेमक्या मापाचं मिळतं.
- लोखंडी चकत्यांवर गंज असेल तर घासून सपाट करा.
- मशीनच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच क्लचला तेल द्या. “सगळीकडे थेंब-थेंब तेल” हा उपाय इथे उलटा पडतो.

स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करायला नट किंवा स्क्रू असेल तर एका वेळी पाव फेराच फिरवा आणि चाचणी घ्या. किती फिरवलं ते लिहून ठेवा.

पायरी ५: दांडी, बूश आणि रूळ

पट्टा काढा आणि टेकअपची दांडी बोटाने फिरवा. जड फिरत असेल तर आतलं जुनं वंगण गोंदासारखं झालंय. ते स्पिरिटने काढून हलकं मशीन तेल एक-दोन थेंब द्या. जास्तीचं तेल लगेच पुसा, ते क्लचकडे आणि फिल्मकडे जाता कामा नये. पौष-माघातल्या यात्रेत रात्री थंडी वाढली की असं जुनं वंगण आणखी घट्ट होतं, म्हणून दुपारी नीट चाललेलं मशीन रात्री अडतं.

मग फिल्मच्या वाटेवरचे सगळे छोटे रूळ एक-एक करून फिरवा. जो फिरत नाही तो फिल्मला घासतो आणि पूर्ण लांबीभर एकच उभा ओरखडा पाडतो.

पायरी ६: रीळ सरळ आहे का?

रिकामं रीळ लावून फिरवा आणि कडेकडे बघा. कड डुलत असेल तर रीळ वाकलं आहे. दोन कडांच्या मधली जागा सगळीकडे सारखी असली पाहिजे. थोडा वाक हाताने सरळ होतो. जास्त वाकलेलं रीळ वापरूच नका.

टेकअपचं रीळ भरलेल्या रिळाएवढं किंवा त्याहून मोठं हवं. १६ मिलिमीटरची १६०० फूट फिल्म म्हणजे साधारण ४४ मिनिटांचा खेळ. ती लहान रिळावर घेतली तर शेवटची काही मिनिटं बाहेर सांडणार हे नक्की. शिवाय गाभा फार बारीक असलेलं रीळ घेतलं तर सुरुवातीची ओढ वाढते.

३५ मिलिमीटरवाल्यांसाठी थोडं जास्त

मोठ्या मशीनवर २००० फुटांचं रीळ सुमारे २२ मिनिटं चालतं. ६००० फुटांच्या मोठ्या स्पूलवर तासाभराहून जास्त खेळ मावतो, पण त्याचं वजन खूप असतं. असा स्पूल ओढण्यासाठी घट्ट केलेला क्लच तसाच ठेवून नंतर छोटं रीळ लावलं तर फिल्म सुरुवातीलाच तुटू शकते. स्पूल बदलला की ताण पुन्हा तपासा.

खालच्या पेटीच्या तोंडाशी छोटे रूळ असतात. आग लागली तर ती पेटीत जाऊ नये यासाठी ते दिलेले आहेत. तिथे कचरा आणि फिल्मचे तुकडे साचतात. ब्रशने साफ करा. फिल्म अडकते म्हणून हे रूळ काढून टाकू नका.

फिल्म कशाची आहे तेही बघा. रीळ बाजूने उजेडासमोर धरा. कडेतून उजेड आरपार दिसला तर फिल्म पॉलिस्टरची. १९९० नंतरच्या बऱ्याच प्रिंट अशा आहेत. ती सहजासहजी तुटत नाही. त्यामुळे टेकअप अडकलं तर फिल्मऐवजी मशीनचा भाग वाकतो. उजेड आडला तर बहुतेक ॲसिटेट. ती तुटते, पण मशीन वाचतं.

खरी चाचणी: टाकाऊ फिल्मवर

दुरुस्ती झाली की लगेच चांगलं रीळ लावण्याचा मोह आवरा. कोरी लीडर फिल्म किंवा कुणालाच नको असलेली खराब फिल्म घ्या. दिवा बंद ठेवून नुसती मोटर चालवा आणि या चार गोष्टी बघा.

१. बोटाची चाचणी: टेकअपचं रीळ फिरत असताना कडेला बोट हलकेच टेकवा. थोड्या दाबाने रीळ थांबलं पाहिजे आणि मोटर चालू राहिली पाहिजे. बोट काढताच रीळ न अडखळता पुन्हा फिरलं पाहिजे. बोटाला जुमानत नसेल तर क्लच घट्ट. नुसत्या स्पर्शाने थांबत असेल तर सैल.

२. जड रिळाची चाचणी: टाकाऊ फिल्मने भरलेलं रीळ टेकअपला लावा आणि मशीन सुरू करा. ते जागेवरून हललं पाहिजे. रिकाम्या रिळावर पास आणि भरलेल्या रिळावर नापास झालेलं मशीन दुरुस्त झालेलं नाही.

३. फिल्मकडे नजर: शेवटच्या दातेरी रुळापासून रिळापर्यंतची फिल्म सरळ, हलकी ताणलेली दिसली पाहिजे. लोंबत असेल तर ओढ कमी. वाजवलेल्या तारेसारखी थरथरत असेल तर जास्त.

४. गुंडाळी बघा: थांबल्यावर रिळाची बाजू सपाट दिसते का? मध्ये पोकळ्या, सैल वेटोळे असतील तर फिल्म रिळावरच एकमेकींवर घासते. असं सैल रीळ टोक ओढून कधीही घट्ट करू नका. तसे बारीक ओरखडे पूर्ण रिळावर पडतात. हळूहळू रिवाइंड करूनच पुन्हा गुंडाळा.

टेकअपचा वाटणारा दोष कधी कधी विजेचाही असतो. जनरेटरवर किंवा कमी व्होल्टेजवर काही मशीनची मोटर मंदावते. पण तेव्हा सगळंच हळू होतं आणि आवाजही जाड, ओढल्यासारखा येतो. आवाज नेहमीसारखा आहे आणि फिल्म तेवढी सांडतेय, तर विजेला दोष देऊ नका.

चालू खेळात टेकअप बंद पडलं तर?

घाबरून फिल्म ओढू नका. हा क्रम लक्षात ठेवा.

१. आधी दिवा बंद करा किंवा उजेडाची झडप पाडा. थांबलेल्या फिल्मवर दिव्याची उष्णता पडली तर चित्र डोळ्यांदेखत जळतं.
२. मग मोटर बंद करा.
३. खाली सांडलेल्या फिल्मभोवती कुणालाही येऊ देऊ नका. हात धुऊन, कोरडे करून किंवा सुती हातमोजे घालून ती कडेने उचला.
४. पट्टा फक्त पुलीवरून निघाला असेल तर चढवा. सांडलेली फिल्म पीळ न पडू देता हाताने रिळावर घ्या, तिची ढिलाई काढा आणि मग मोटर सुरू करा.
५. पट्टा तुटलाच असेल आणि फिल्म मौल्यवान नसेल तर जाणत्या माणसाने बाजूला बसून रीळ हाताने फिरवत खेळ पुरा करता येतो. फिल्म दुर्मीळ असेल तर खेळ तिथेच थांबवा.

खेळ सुरू करण्याआधीच मशीनखाली धुतलेली पांढरी चादर अंथरून ठेवा. फिल्म सांडली तरी धूळ लागत नाही आणि पांढऱ्यावर काळी फिल्म लगेच दिसते. एक माणूस पडद्याकडे न बघता फक्त टेकअपकडे बघायला बसवा.

ही रिळं लावूच नका

मशीन कितीही चांगलं झालं तरी काही फिल्म त्यावर चढवायच्या नसतात.

- व्हिनेगरसारखा आंबट वास: ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे. ती आकसते, वाकडी होते, दातेरी रुळांवर नीट बसत नाही. हे रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.
- आकसलेली फिल्म: १६ मिलिमीटरची फिल्म टेबलावर सपाट ठेवून एका भोकाच्या कडेपासून पुढच्या १०० व्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत मोजा. चांगल्या फिल्मची ही लांबी साधारण ७६ सेंटीमीटर भरते. साडेसात मिलिमीटर कमी भरली तर फिल्म जवळपास एक टक्का आकसली आहे. अशी फिल्म मशीनवर फाटण्याचा मोठा धोका असतो.
- खूप जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म: १९५० च्या सुमारापर्यंतच्या ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटच्या असू शकतात. ती भयंकर ज्वालाग्राही असते आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही. कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसलं नाही आणि फिल्म तेवढी जुनी असेल तर ती दाखवू नका, काडी लावून तपासू तर अजिबात नका. पुण्यात २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुनी रिळं गेली.
- एकच प्रत असलेली फिल्म: गावच्या यात्रेचं, शाळेच्या इमारतीच्या उद्घाटनाचं, धरणात गेलेल्या जुन्या गावठाणाचं कुणी चित्रण केलं असेल तर त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. ती प्रोजेक्टरवर न चढवता आधी स्कॅन करून घ्या. मग तीच मोबाईलवर सगळ्या गावाला बघता येईल.

अशी फिल्म सापडली तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधता येतो. ही सरकारी संस्था १९६४ पासून जुने चित्रपट जपण्याचं काम करते. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही २०१४ पासून याच कामात आहे. भंगारवाल्याला डबे देण्याआधी एक फोन करून बघायला काय हरकत आहे?

तोवर रिळं कोरड्या, थंड जागी आडवी ठेवा. तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तर नकोच. हवा कोंडली की आंबट वास आणखी लवकर सुटतो.

थोडक्यात

- सुरुवातीला तुटते म्हणजे ओढ जास्त, शेवटी सांडते म्हणजे ओढ कमी.
- आधी रीळ, मग दांडे, मग पट्टा, आणि सगळ्यात शेवटी क्लच.
- पट्ट्यावर आणि क्लचवर तेल नको.
- रिकामं आणि भरलेलं, दोन्ही रिळांवर चाचणी घ्या.
- अडलं तर आधी दिवा बंद, मग मोटर.
- एकुलती एक फिल्म मशीनवर नाही, आधी स्कॅनला.

तुमच्या तालुक्यात पूर्वी तंबू टॉकीजवर किंवा गावच्या थिएटरात काम केलेले ऑपरेटर काका असतील तर मशीन उघडताना त्यांना बोलवा. पट्टा किती ताणायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. आणि जाताना शाळेतली दोन पोरं सोबत न्या, म्हणजे पुढच्या वेळी विचारायला कुणीतरी असेल.